अपडेट होऊन संगणक आपला आपण बंद व्हावा, यासाठी काय करावं?

वेंगुर्ला तालुक्यातल्या एका काजू कारखान्यात बिलिंग सांभाळणाऱ्या ताईंनी विचारलंय. संध्याकाळी सव्वासहाला मशीन बंद करायला जावं तर ते अपडेट काढून बसतं, ‘बंद करू नका’ असं पडद्यावर लिहून चाळीस-चाळीस मिनिटं फिरत राहतं, आणि तोवर पावणेसातची वस्तीची गाडी निघून जाते. एकदा त्यांनी ‘अपडेट अँड शट डाउन’ दाबलं, विश्वासाने कुलूप लावलं आणि गाडी पकडली. सकाळी बघतात तर मशीन चालूच, पासवर्ड मागत उभं. रात्री लाईट गेली होती, त्यामुळे इन्व्हर्टरची बॅटरीही बसत आलेली. मालक काय बोलले असतील ते त्यांनी लिहिलेलं नाही, पण अंदाज येतो. कारखान्यात तीन मशीनं आहेत. काउंटरवर विंडोज ११, हिशेबाला जुनं विंडोज १०, आणि पाकिटांची लेबलं छापायला भाच्याने विंडोजऐवजी उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) घालून दिलेलं तिसरं. तिन्ही अपडेट होऊन आपली आपण बंद व्हावीत, एवढंच त्यांचं मागणं आहे.

ताई, आधी हे सांगतो की त्या रात्री तुमचं काही चुकलं नव्हतं. तुम्ही बटण बरोबरच दाबलंत. विंडोजमध्येच दोष होता, आणि तो कित्येक वर्षं होता. मी बावीस वर्षं कुडाळला संगणक दुरुस्त करतोय. ‘शट डाउन दाबलेलं, तरी सकाळी चालू सापडलं’ ही तक्रार इतक्या वेळा ऐकली की सुरुवातीला मीही लोकांनाच दोष द्यायचो. तुम्ही घाईत ‘अपडेट अँड रिस्टार्ट’ दाबलं असेल, म्हणायचो. मग एकदा माझ्याच दुकानातल्या मशीनने तसं केलं आणि मी गप्प झालो.

अपडेट आणि बंद होणं यांच्यामध्ये एक रिस्टार्ट लपलेला असतो. माणसं घरात असताना कौलं परतता येतात, पण आढं बदलायचं तर सगळ्यांना खळ्यात काढावं लागतं. विंडोजचं तसंच आहे. ज्या फाइली चालू असताना वापरात असतात, त्या चालू असताना बदलता येत नाहीत. म्हणून काम दोन टप्प्यांत होतं. आधी बंद होता होता थोडं, मग मशीन स्वतःच पुन्हा उठतं, उरलेलं काम करतं, आणि त्यानंतर खरं बंद व्हायचं असतं. टक्केवारीचा आकडा तीसच्या आसपास येऊन पडदा काळा होतो, कंपनीचा लोगो येतो आणि आकडा पुन्हा पुढे सरकायला लागतो, हे तुम्ही पाहिलं असेल. तेच ते मधलं उठणं. दोष इथेच दिसायचा. दुसरा टप्पा संपल्यावर ‘आता बंद व्हायचंय’ हे मशीन विसरायचं आणि पासवर्डच्या पडद्यावर येऊन थांबायचं.

मायक्रोसॉफ्टने हे विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ या आवृत्त्यांसाठी दुरुस्त केलं. २८ ऑक्टोबर २०२५ च्या ऐच्छिक अपडेटमध्ये दुरुस्ती पहिल्यांदा आली, आणि नोव्हेंबरच्या नेहमीच्या अपडेटमधून सगळ्यांकडे पोचली. तुमच्या काउंटरच्या मशीनवर ती आली की नाही, हे बघायला अर्धं मिनिट लागतं. स्टार्ट दाबून ‘विनव्हर’ हा शब्द इंग्रजीत टाइप करा आणि एंटर मारा. छोटी खिडकी उघडेल, तिच्यात बिल्ड क्रमांक असतो. २४एच२ असेल तर २६१००.७०१९ किंवा पुढचा, २५एच२ असेल तर २६२००.७०१९ किंवा पुढचा आकडा हवा. तो असेल तर ‘अपडेट अँड शट डाउन’ वर आता भरवसा ठेवायला हरकत नाही. आकडा मागचा असेल तर आधी एकदा दिवसाउजेडी, समोर बसून पूर्ण अपडेट करून घ्या. दुरुस्ती आणणारं अपडेट बसत असताना जुनाच दोष दिसू शकतो, तेव्हा त्या दिवशी कुलूप लावून जाऊ नका.

हिशेबाच्या विंडोज १० वर ही दुरुस्ती येईल म्हणून वाट बघू नका. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नाव नोंदवलं तर सुरक्षेची वाढीव अपडेटं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पण त्यात फक्त सुरक्षा असते. त्या मशीनसाठी वेगळी युक्ती लागेल, ती खाली सांगतो.

त्याआधी मी स्वतः काय करतो ते सांगतो, कारण बहुतेकांना तेवढंच पुरतं. अपडेट संध्याकाळी करायचंच नाही, दुपारी जेवणाच्या सुट्टीत करायचं. मायक्रोसॉफ्टची महिन्याची मोठी अपडेटं अमेरिकेतल्या दुसऱ्या मंगळवारी सुटतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात, म्हणजे आपल्या दृष्टीने बुधवार सकाळ. त्या बुधवारी किंवा गुरुवारी सकाळी आल्या आल्या सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडून ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबा आणि आपलं बिलिंग चालू ठेवा. उतरवणं आणि बसवण्याचा मोठा भाग मागे चालू राहतो. ‘रिस्टार्ट नाउ’ दिसलं की लगेच दाबू नका. दीड वाजता डबा उघडताना दाबा. जेवून हात धुऊन येईपर्यंत मशीन तयार असतं. संध्याकाळी साधं ‘शट डाउन’, दहा सेकंदांत पडदा काळा आणि तुम्ही गाडीत. तेवढ्यासाठी विंडोज अपडेटच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मध्ये ‘ॲक्टिव्ह अवर्स’ सकाळी नऊ ते रात्री आठ असे हाताने भरून ठेवा, म्हणजे कामाच्या मध्येच ते स्वतःहून रिस्टार्ट होणार नाही. जास्तीत जास्त अठरा तासांची मुदत देता येते.

इथे एक गंमत आहे. काहीजण म्हणतात, ‘आम्ही रोज बंद करून रोज चालू करतो, तरी रिस्टार्ट बाकी आहे असं का दाखवतं?’ विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय सहसा चालू असते. साधं शट डाउन केलं की विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, डिस्कवर झोपवून ठेवला जातो आणि सकाळी तोच उठवला जातो. रिस्टार्टमध्ये तसं होत नाही, तो सगळं नव्याने सुरू करतो. शिफ्टची कळ दाबून धरून शट डाउन केलंत तर मात्र मशीन खरोखर पूर्ण बंद होतं.

आता दुपारीही वेळ मिळत नसेल, सीझनला काउंटर सोडता येत नसेल, तर मागे एक राखणदार बसवायचा. हिशेबाच्या विंडोज १० साठी म्हटलेली युक्तीही हीच. कल्पना अशी: तुम्ही संध्याकाळी ‘अपडेट अँड शट डाउन’ किंवा ‘अपडेट अँड रिस्टार्ट’, काहीही दाबून निघा. मशीन बंद झालं तर उत्तम. पासवर्डच्या पडद्यावर येऊन थांबलं, तर रात्री साडेआठला ठरवलेलं काम चालेल आणि ते बंद करेल. म्हणजे जास्तीत जास्त अडीच तास चालू राहील, रात्रभर नाही.

हे विंडोजच्या ‘टास्क शेड्यूलर’ मध्ये, म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीत, करतात. ‘क्रिएट टास्क’ घ्या. ‘बेसिक टास्क’ घेऊ नका, त्यात हव्या त्या सगळ्या खुणा नसतात. पहिल्या पानावर ‘चेंज यूजर’ मध्ये ‘सिस्टिम’ हे नाव इंग्रजीत टाका, म्हणजे कोणी लॉगिन केलेलं नसतानाही काम चालतं. पासवर्डच्या पडद्यावर उभ्या मशीनसाठी नेमकं तेच हवंय. खाली ‘रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस’ वर खूण. ट्रिगर रोज रात्री साडेआठ. ॲक्शनमध्ये प्रोग्रॅमच्या जागी ‘शटडाउन’ एक शब्द, आणि आर्ग्युमेंट्सच्या जागी, फोनवर सांगतो तसं लिहितो: स्लॅश एस, जागा, स्लॅश टी, जागा, तीनशे. सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत, आकडाही इंग्रजीत. तीनशे म्हणजे सेकंद, पाच मिनिटं. कोणी उशिरापर्यंत बसलं असेल तर पडद्यावर सूचना येते, आणि पाच मिनिटांच्या आत कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘शटडाउन, जागा, स्लॅश ए’ दिलं की रद्द. ते रद्द केलं नाही तर उघडे प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद होतात, सेव्ह न केलेलं जातं. टॅली उघडं टाकून घरी जायची सवय असेल तर ती आधी सोडा.

‘कंडिशन्स’ मध्ये ‘एसी पॉवर असेल तरच’ ही खूण काढा, लॅपटॉपवर किंवा यूएसबीने जोडलेल्या यूपीएसवर ती आडवी येते. ‘वेक’ ची खूण नको. मशीन मध्येच स्लीपमध्ये गेलं तर हे काम चालणार नाही, म्हणून पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप ‘नेव्हर’ ठेवा. आणि शेवटच्या पानावर ‘शेड्यूल्ड वेळ चुकली तर जमेल तेव्हा लगेच चालव’ अशा अर्थाची एक ओळ आहे. तिच्यावर चुकूनही खूण करू नका.

ती खूण मी केली होती. कणकवलीतल्या एका दवाखान्यात हीच सोय बसवली, आणि आपण किती पक्कं काम करतो या तोऱ्यात प्रत्येक चौकोनात खूण मारत गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. मशीन चालू केलं की पंधरा मिनिटांनी आपोआप बंद पडतंय. पुन्हा चालू केलं की नीट चालतंय. तिसऱ्या दिवशीही तेच. तिथला कंपाउंडर म्हणाला, ‘दादानू, ह्या मशिनाक कायतरी लागला हा. गाराणा घालूचा काय?’ मी एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बदलला, रॅम पुसली, खाऱ्या हवेने संपर्क गंजलेत म्हणून रबर घासलं. चौथ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. रात्री साडेआठला मशीन आधीच बंद असायचं, म्हणजे कामाची वेळ चुकलेली. सकाळी ते उठलं की विंडोज चुकलेलं काम इमानाने, दहा मिनिटं थांबून, पुरं करत होतं. एसएमपीएसचे पैसे मी घेतले नाहीत.

आणखी एक उपाय तुम्हाला कोणीतरी सांगेल, आणि ऐकायला तो फार हुशार वाटतो: इव्हेंट लॉगमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, अपडेट यशस्वी झाल्याची नोंद पडली की लगेच बंद करायचं. ती नोंद खरंच पडते, क्रमांक १९, विंडोज अपडेट क्लायंटच्या नावाने. पण ती प्रत्येक अपडेटला वेगळी पडते. तीन अपडेटं असतील तर पहिलं बसताच मशीन बंद होऊन उरलेली दोन लटकतील. शिवाय विंडोजच्या अँटीव्हायरसच्या, म्हणजे डिफेंडरच्या, व्हायरस-याद्या जवळजवळ रोज येतात, आणि त्याही याच क्रमांकाने नोंदवल्या जातात. म्हणजे सकाळी अकराला गिऱ्हाईक समोर उभं असताना मशीन निरोप घेईल. हा उपाय करू नका. भाच्याला पॉवरशेल (विंडोजमध्ये आज्ञा लिहून काम करून घेण्याची सोय) येत असेल तर ‘पीएसविंडोजअपडेट’ नावाचं मॉड्यूल आहे. त्याने रिस्टार्ट न करता सगळी अपडेटं बसवून शेवटच्या ओळीत मशीन बंद करता येतं. मात्र उरलेला टप्पा सकाळी चालू करताना होतो, तेव्हा पहिल्या गिऱ्हाइकाला चहा पाजायची तयारी ठेवा.

उबुंटूचं मशीन या बाबतीत सगळ्यात शहाणं. लिनक्समध्ये चालू फाइलच्या जागी नवी फाइल ठेवता येते. जुनी ज्याच्या हातात आहे तो ती वापरत राहतो. त्यामुळे मधला रिस्टार्ट लागत नाही, अपडेट संपलं की सरळ बंद करायचं, नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) सकाळी आपोआप वर येतो. टर्मिनल उघडा. आधी ‘सुडो, जागा, वजा आय’ देऊन पासवर्ड द्या (सुडो म्हणजे मुख्य अधिकाराने चालव). मग एकाच ओळीत: ‘ॲप्ट अपडेट’, सातच्या कळीवरचं ‘अँड’ चिन्ह दोनदा, ‘ॲप्ट वजा वाय अपग्रेड’, पुन्हा ‘अँड’ दोनदा, ‘पॉवरऑफ’. एंटर मारा आणि पर्स उचला.

या ओळीत दोन बारकावे आहेत. दोन ‘अँड’ चा अर्थ ‘आधीचं नीट झालं तरच पुढचं कर’. इंटरनेट मध्येच गेलं तर अपडेट अर्धवट राहील आणि मशीनही चालू राहील. काहीही झालं तरी बंदच व्हायला हवं असेल, तर शेवटच्या ‘अँड’ जोडीऐवजी अर्धविराम द्या. तुमच्या इन्व्हर्टरची गोष्ट ऐकल्यावर मी तुम्हाला अर्धविरामच सुचवेन. अपडेट राहिलं तर उद्या होईल. दुसरं, इंटरनेटवर ही ओळ प्रत्येक शब्दामागे सुडो लावून लिहिलेली सापडते. उबुंटूमध्ये एकदा दिलेला पासवर्ड पंधरा मिनिटं धरला जातो. अपडेटला वीस मिनिटं लागली की शेवटचा सुडो पुन्हा पासवर्ड मागतो, आणि मागणार कोणाकडे, तुम्ही तर मठ गावठणाच्या पुढे पोचलेल्या असता. म्हणून आधी ‘सुडो वजा आय’.

क्वचित एखादं पॅकेज मध्येच प्रश्न विचारतं: सेटिंगची जुनी फाइल ठेवू की नवी घेऊ? आणि उत्तराची वाट बघत रात्रभर बसतं. त्यावर पॅकेजं बसवणाऱ्या डीपीकेजीचा ‘फोर्स कॉन्फओल्ड’ हा पर्याय आहे, तो जुनीच फाइल ठेवतो. भाचा तो ओळीत घालून छोटी स्क्रिप्ट करून देईल. त्याला एक मात्र बजावा. उबुंटूच्या ‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ मध्ये ‘इन्स्टॉल ऑन शटडाउन’ अशी सोय असते, ती चालू करू नकोस. पुण्यामुंबईत ती बरी. आपल्याकडे लाईट गेली, यूपीएसची बॅटरी संपत आली आणि त्याने मशीनला बंद व्हायला सांगितलं, की नेमकं त्याच वेळी मशीन अपडेट बसवायला घेईल.

लाईटचं जरा सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्या किनाऱ्यावर खरा धोका तोच आहे. अपडेटच्या मध्ये वीज गेली तर विंडोज बहुतेक वेळा सावरतं, पुढच्या वेळी ‘अनडूइंग चेंजेस’ म्हणत जुन्या जागी परत जातं. लिनक्सला ‘डीपीकेजी वजा वजा कॉन्फिगर वजा ए’ दिलं की अर्धवट काम पुरं होतं. पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नाही, आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर मी पैज लावणार नाही. हिशेबाच्या मशीनमध्ये ती असणार, नाहीतर चाळीस मिनिटं लागली नसती. त्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाकून घ्या. हा एकच खर्च असा आहे की जो तुमची पावणेसातची गाडी थेट वाचवतो.

बायोसमध्येही, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, एक सेटिंग बघा. चालू करताना डिलीट किंवा एफ-टू दाबून आत जा, ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ अशा नावाचं काहीतरी सापडेल. ते ‘पॉवर ऑफ’ वर ठेवा. ‘लास्ट स्टेट’ वर असेल आणि अपडेट चालू असताना लाईट गेली, तर पहाटे तीनला लाईट आली की मशीन रिकाम्या कारखान्यात आपलं आपण उठून बसेल.

आणि मे महिन्यात, वळवाच्या दिवसांत, तसंच ऑक्टोबरला परतीचा पाऊस गडगडत असताना, रात्री मागे सोडून जायची ही कुठलीच युक्ती वापरू नका. बंद झालेलं मशीनसुद्धा प्लगला आणि नेटवर्कच्या वायरला जोडलेलंच असतं, आणि वीज पडते ती मशीन चालू आहे की बंद ते बघून पडत नाही. त्या दिवसांत शेवटचा माणूस मेन स्विच पाडून जातो, तो पाडू द्या. अपडेट दुपारी उरका. आषाढ-श्रावणात गडगडाट कमी असतो, तेव्हा झाड तारेवर पडून लाईट जाण्याची भीती जास्त, त्याला यूपीएस पुरतो. साधा लहान यूपीएस एका डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटं देतो. एसएसडी असेल तर तेवढ्यात बरंचसं अपडेट उरकतं, फिरत्या डिस्कवर नाही.

पहिल्यांदा हे सगळं लावल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी खात्री करून घ्या. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘सिस्टिम’ उघडून आदल्या रात्रीच्या वेळेपर्यंत खाली या. १०७४ क्रमांक दिसला तर मशीन रीतसर बंद किंवा रिस्टार्ट झालं, दोन्हींपैकी काय आणि कोणी सांगितलं तेही तिथे लिहिलेलं असतं. सकाळी चालू केल्यानंतरच्या नोंदींत ६००८ दिसला तर ते अचानक, बहुधा लाईट जाऊन, बंद पडलंय. मग विंडोज अपडेटची हिस्टरी उघडून कुठे ‘फेल्ड’ लिहिलंय का तेवढं बघा आणि दुपारी जेवायला बसताना पुन्हा चालवा.